साडेचार सेकंदांचा पाहुणचार

शर्यतीच्या सकाळी नवरा-बायको एकाच गाडीतून ट्रॅककडे निघाले होते आणि दोघांनीही तोंडाला कुलूप घातलं होतं. भांडण नव्हतं, करार होता. तो पिवळ्या संघाचा चालक आणि ती निळ्या संघाची पिट-प्रमुख. म्हणजे ऐन शर्यतीत गाडी चाकं बदलायला आत आली की तिच्यावर तुटून पडणाऱ्या टोळीची म्होरकी. तेव्हा घरात आणि गाडीत शर्यतीचा विषय बंद.

"आज ऊन चांगलंय," तो म्हणाला.

"हा शर्यतीचा विषय झाला."

"ऊन?"

"उन्हात टायर तापतात. गप्प बसा."

तो गप्प बसला. या माणसाला गप्प बसायची सवय होती. निळा संघ होता त्याच्या सासऱ्यांचा. त्यात त्याने आठ वर्षं गाडी चालवली आणि ट्रॅकवर सगळे त्याला 'जावई' म्हणू लागले. अगदी गेटवरचा तिकिटं फाडणारासुद्धा. दुसरी निळी गाडी चालवायचा मेहुणा. जावई जरा पुढे निघाला की कानात सासऱ्यांचा आवाज यायचा, "जावईबापू, थोडं बाजूला व्हा. त्याला जाऊ द्या." आठ वर्षं बाजूला होऊन होऊन जावयाला ट्रॅकच्या कडेचं गवत पातं न् पातं ओळखीचं झालं होतं.

शेवटी यंदा त्याने मान ताठ केली. "आता जे काय करीन ते स्वतःच्या हिमतीवर!" असं सासऱ्यांना सुनावलं आणि पिवळ्या संघात गेला. पिटच्या ओळीत निळ्यांचं दार तिसरं, पिवळ्यांचं पाचवं. हिंमत दोनच दारं सरकली होती, पण सरकली होती.

पिवळ्या संघाच्या मालकीणबाई कमी बोलायच्या. आदल्या दिवशी त्यांनी आपल्या दोन्ही चालकांना समोर उभं केलं. "पुढच्या वर्षी मी एकच गाडी उतरवणार. उद्या जो दुसऱ्याच्या पुढे, सीट त्याची. झालं, जा."

दुसरा चालक होता साखऱ्या. वयाने लहान, वेगाने तोडीस तोड आणि बोलायला इतका गोड, की त्याच्याशी पाच मिनिटं बोललं तर मुंग्या लागाव्यात. बाहेर पडताच तो जावयाच्या पाया पडला. "दादा, सीट तुम्हालाच मिळावी. मी काय, अजून शिकतोय." आणि वाकल्या वाकल्या त्याने जावयाच्या बुटाचा सोल किती झिजलाय तेही बघून घेतलं.

सासऱ्यांपर्यंत बातमी पोचायला तासही लागला नाही. त्यांचा निरोप आला. "काळजी करू नका. तुमची जागा राखून ठेवलीय. टायरच्या गोदामात."

त्या एका वाक्याने जावई रात्रभर कुशीवर कुशी बदलत होता.

शर्यत सुटली! बावीस गाड्या एका वळणात घुसल्या आणि बाहेर पडताना एकवीसच दिसल्या. जावई तिसरा, साखऱ्या चौथा, मेहुणा पाचवा. जावयाच्या अंगात वारं शिरलं होतं. वळणावर वळण तो असा कापत होता की लाकडी स्टॅण्डमधले लोक उभे राहून ओरडत होते. त्याच्या पुढच्या दोन गाड्या हाताशी येत होत्या आणि कानात "बाजूला व्हा" म्हणणारं कुणी नव्हतं. केवढं ते सुख!

कानात होता तो साखऱ्या. पिवळ्या संघात दोन्ही चालकांचं बोलणं कानातल्या रेडिओच्या एकाच तारेवर चालायचं आणि साखऱ्या त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा.

"दादा, काय चालवताय! वा!"

"मागे राहा आणि बोल."

"मागेच आहे दादा. म्हणूनच दिसलं. तुमचं मागचं डावं चाक हलतंय का हो?"

"काय?"

"नाही, मला आपलं वाटलं. काळजी वाटते म्हणून म्हटलं."

चाक हलत नव्हतं. पण आता जावयाचं लक्ष हललं. नेमका त्याच फेरीला त्याला चाकं बदलायला आत यायचं होतं. प्रत्येक गाडीने शर्यतीत एकदा चारही चाकं बदलायचीच, असा नियम. जावयाने पिटच्या गल्लीत गाडी घातली, एक डोळा आरशात, मागच्या डाव्या चाकावर. डोळे आरशात असले तरी हातांना रस्ता पाठ होता. पहिलं दार गेलं, दुसरं गेलं, तिसरं आलं आणि हातांनी आठ वर्षांच्या इमानाने गाडी आत वळवून आखलेल्या चौकोनात उभी केली.

आता निळ्यांकडे त्या घडीला मेहुण्याची वाट बघत आठ जण दबा धरून बसले होते. जावयाच्या बायकोने त्यांना वर्षानुवर्षं एकच मंत्र घोटून घोटून दिला होता, नटाकडे बघायचं. गाडीकडे नाही, चालकाकडे नाही, आकाशातून विमान पडलं तरी विमानाकडे नाही. गाडी थांबली की नट! त्यामुळे गाडी थांबली आणि आठही जण नटांवर तुटून पडले. गाडी पिवळी आहे हे बघायला रंगाकडे बघायला हवं ना? गाडी वर, जुनी चाकं बाहेर, नवी आत, नट घट्ट, गाडी खाली! पुढचा जॅक स्वतः बायकोच्या हातात होता. तो काढून ती बाजूला झाली, हात वर केला आणि काचेतून तिला हेल्मेटमधले दोन ओळखीचे डोळे दिसले. ते डोळे घाबरलेले होते.

"अहो, तुम्ही?"

"अगं, मी..."

"इथे काय करताय? निघा! मागे भाऊ आलाय माझा!"

खरंच आला होता. मेहुण्याची निळी गाडी जावयाच्या मागे उभी राहून हॉर्नवर हॉर्न मारत होती. जावई धूम निघाला. मेहुणा चौकोनात आला तर आठ जण रिकाम्या हातांनी उभे.

"ताई, माझी चाकं कुठेत?"

"गेली."

"कुठे गेली?"

"दाजींना बसवली."

"अगं, पण का?"

आतून दुसरी चाकं ओढत आणेपर्यंत मेहुणा सहा जागा खाली घसरला.

इकडे पिवळ्यांच्या दारात त्यांची माणसं जावयाची चाकं खांद्यावर घेऊन ताटकळत होती. जावयाची गाडी त्यांच्या समोरून सुळ्ळकन निघून गेली. पाहुण्यासाठी पान वाढून ठेवावं आणि पाहुण्याने शेजाऱ्याकडे जेवून ढेकर देत जावं, तशी त्यांची गत झाली. बाईंनी स्वतः तारेवर आवाज चढवला.

"आत ये! चाकं बदलायची राहिलीत!"

"बदलली, बाई."

"कुठे?"

"सासरी."

साखऱ्या पुढच्याच फेरीला आत आला, तेव्हा पिवळी माणसं इतकी भांबावली होती की काही जणांनी साखऱ्याची चाकं उचलली आणि काहींनी खांद्यावरची जावयाचीच पुढे केली. एका गाडीला सहा चाकं बसवायचा प्रयत्न झाला. त्यात मौल्यवान चार सेकंद गेले.

शेवटची फेरी! जावई अजून तिसरा, पण साखऱ्या पेटला होता. चार सेकंदांचे दोन झाले, दोनाचा एक झाला. शेवटच्या वळणात साखऱ्याने नाक आत घुसवलं, दोन पिवळ्या गाड्या दाराला दार लावून सरळ रस्त्यावर आल्या. स्टॅण्डमध्ये एकही माणूस बसलेला नव्हता. झेंडा पडला. जावई वीतभर पुढे!

त्याने गाडीतून बाहेर उडी मारली, हेल्मेट भिरकावलं, दिसेल त्याला मिठी मारली. त्यात झेंडेवालाही सुटला नाही. सीट मिळाली! गोदाम टळलं!

"दादा, अभिनंदन," साखऱ्या हात जोडून म्हणाला. "तुमच्याबद्दल आदर आहेच. तक्रार नोंदवून आलो."

"कसली तक्रार?"

"नियमाची हो. माणसांबद्दल माझी कधीच तक्रार नसते."

पंचांच्या खोलीत एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पंच चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून पानं उलटत होते. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रकार झाला नव्हता आणि ते मनातून भलतेच खूष होते. सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जावई, साखऱ्या, बाई, सासरे आणि जावयाची बायको.

"सापडलं!" पंच म्हणाले. "एका संघाला दुसऱ्या संघाच्या गाडीची मदत करता येते. पण ओळखून आणि राजीखुशीने केलेली असली पाहिजे. चुकून हात लावला असेल तर गाडी बाद. आणि ते ठरणार फक्त पिट-प्रमुखाच्या सांगण्यावरून." त्यांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "बोला. तुम्ही गाडी ओळखली होती?"

जावई भिंतीला आणखी चिकटला. त्याची सीट, त्याची मान, त्याचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका तोंडात अडकलं होतं आणि त्या तोंडाशी आज सकाळी तो धड दोन वाक्यंही बोलला नव्हता.

"कशी ओळखेल?" सासरे मध्येच गरजले. "माझी पोर आहे ती! सख्ख्या भावाची चाकं परक्या संघाला देईल? चुकून झालं. सांग गं, चुकून झालं ना?"

"बाबा, थांबा." बायको पुढे झाली. "साहेब, एक विचारू? चुकून म्हटलं तर आमच्या वेळेचं काय होतं?"

"कुठल्या वेळेचं?"

"चाकं बदलायला लागलेल्या वेळेचं. किती लागला?"

पंचांनी कागद चाळला. मग पुन्हा चाळला. "साडेचार सेकंद. अरेच्चा! हा तर या ट्रॅकवरचा विक्रम आहे."

"आणि चुकून म्हटलं तर?"

"तर गाडीच बाद. मग विक्रम कसला? खोडावा लागेल."

बायकोने एकदा वडिलांकडे पाहिलं. एकदा नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळ्यांत होता नव्हता तेवढा सगळा जीव गोळा केला.

"ओळखली होती," ती म्हणाली. "लांबूनच ओळखली होती. राजीखुशीने केलं."

"घरभेदी!" सासरे किंचाळले. "उद्यापासून माझ्या दारात पाऊल टाकू नकोस! ट्रॅकवरच्या दारात म्हणतोय मी. रविवारी जेवायला ये." आणि ते दार आपटून निघून गेले.

निकाल कायम झाला. साखऱ्याने पुन्हा हात जोडले, पण या वेळी ते जरा सैल जोडले गेले.

बाहेर वाहनतळावर जावयाला भरून आलं होतं. "माझ्यासाठी बापाशी वैर घेतलंस! माझ्यासाठी खोटं बोललीस!"

"तुमच्यासाठी?" बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साडेचार सेकंद होते ते! आठ वर्षं घासतेय मी त्या पोरांना. तुमच्या जागी रद्दीवाल्याची गाडी आली असती, तरी मी ओळखली म्हणून सांगितलं असतं."

तेवढ्यात मागून बाई आल्या. त्यांनी जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुली, तुला वडिलांनी काढलंय ना? मग माझ्याकडे ये. माझ्या माणसांनी आज एका गाडीला सहा चाकं लावायला घेतली होती. पिट तुझं, माणसं तुझी. कबूल?"

"कबूल. पण एक अट. गाडीत कोण बसणार तेही मी ठरवणार."

"चालेल," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

जावई आनंदाने अक्षरशः उडाला. घरची पिट-प्रमुख! आता सीट पक्की, काळ्या दगडावरची रेघ! "म्हणजे मीच ना?" तो हसत म्हणाला. "बाईंनी शब्द दिला होता. जो पुढे, त्याची सीट."

"तो बाईंचा शब्द. आता पिट माझं आहे. आणि ज्याला स्वतःचं दार आठवत नाही, त्याच्या हातात गाडी द्यायची की नाही, हे मला तपासून बघायचंय." तिने फोनवर भराभर दोन ओळी लिहिल्या आणि ती गाडीत बसली. "सोमवारी सकाळी सहाला चाचणी आहे. तुम्हालाही आणि साखऱ्यालाही. त्याला आत्ताच कळवलंय. उशिरा येईल तो बाद. आता बसा, घरी चला."

"आलोच. दोन मिनिटं," जावई म्हणाला.

तो एका उंच ट्रकच्या आड गेला. इकडे तिकडे बघून त्याने फोन काढला आणि साखऱ्याचा नंबर लावला. आवाजात त्याने जमेल तेवढा पाक ओतला.

"काय रे, कसा आहेस? अरे, ती सोमवारची चाचणी होती ना, ती मंगळवारवर गेली बरं का. तू उगाच हेलपाटा घालू नकोस. काळजी वाटली म्हणून कळवलं."

"अरे देवा!" पलीकडून साखऱ्याचा मधाळ आवाज आला. "दादा, मी तुम्हाला हेच सांगायला फोन लावत होतो."