म्हशीची शिकवणी

धारेची वेळ टळून गेली तरी म्हैस पान्हा चोरून उभी, आणि इकडे हौशीरामांचा जीव टांगणीला. त्यांच्या पत्नी चिमाबाई लेकीच्या बाळंतपणाला मंचरला गेलेल्या. त्यांच्याशिवाय म्हैस कुणाला कासेला हात लावू देईल तर शपथ! आणि नेमका वारूळवाडीच्या रामनाथरावांचा फोन: "लेण्याद्रीला आलोय राव. जाता जाता घर बघून च्या घेतो."

त्यांची सोनल आणि हौशीरामांचा अमृत, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. घर बघणं तेवढं राहिलं होतं. चौतिशीतल्या शेतकरी पोराला हे स्थळ गेलं तर दुसरं कुठून मिळणार? अन् दावणीला म्हैस असताना पाहुण्यांना पिशवीच्या दुधाचा चहा? छे, छे! नाकच कापलं जायचं.

अमृतनं मात्र नारायणगावात दोन दिवसांचं एनएलपीचं शिबिर केलं होतं. मेंदू कसा वळवायचा, ते तिथं शिकवतात म्हणे.

"आबा, परत्येक जण येगळं शिकतं. कोन बगून, कोन ऐकून. म्हशीचा परकार वळखला का झालं!"

"आरं, तिचा येकच परकार. लाथ!"

पण पोराच्या लग्नापुढं बापाची अब्रू ती काय! हौशीराम बायकोचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसले. म्हशीनं मान वळवून त्यांना खालीवर न्याहाळलं आणि बादली उडवली.

"म्हंजी बगनारी न्हाई," अमृत म्हणाला. "ऐकनारी असंल."

चिमाबाई फोन उचलेनात. फोनमध्ये त्यांचा आवाज एकाच निरोपात होता, आणि तो निरोप नवऱ्याला होता. अमृतनं तो म्हशीच्या कानाशी धरला.

"आवं, गोळी घेतली का? का मंचरवरनं येऊन तोंडात घालू? कवा अक्कल येनार तुमाला?"

चौथ्यांदा वाजला आणि काय सांगावं, म्हशीनं पान्हा सोडला! धारा बादलीत वाजू लागल्या. पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं हौशीराम प्रत्येक वेळी उत्तर देत होते, "घेतली गं बाई, घेतली! चुकलं माझं!"

मागं कुणीतरी खोकलं. गोठ्याच्या दारात रामनाथराव आणि त्यांची बायको बायडाबाई उभे होते.

"चल, निघू," रामनाथराव बायकोला हळूच म्हणाले. अमृतचं तोंड एवढंसं झालं. हौशीरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायडाबाई जागच्या हलल्या नाहीत. "निघायचं कशापायी? पोरगी दिली ह्या घरात."

"आगं, पोराला काय इचारलं तरी का?"

"त्याला काय इचारायचं? बायको तिकडं मंचरला, तरी ह्यो मानूस हितं 'चुकलं' म्हनतोय. आशा बापाचं पोरगं हाय त्ये!"

रामनाथरावांनी तोंड उघडलं, बायकोकडं पाहिलं आणि पुन्हा मिटलं. हौशीरामांनी पदर सावरला आणि चहाला आधण ठेवायला ते आत गेले.