झोन चार म्हणजे कोण?

शनिवारी दुपारी पायलनं बाबांच्या प्रोग्राममधली सगळी नावं बदलली. बाबा, धम्मरत्न, आर्णीजवळच्या एका गावाचे पंप ऑपरेटर. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः शिकून लिहिला होता. पण गल्ल्यांना नावं माणसांची: तुळसाबाई, रूपसिंग. गुरांच्या टाक्याला चक्क ‘म्हैस’. पुण्यातल्या कंपनीत पायल नव्या मुलांना नावं कशी द्यावीत हेच शिकवायची. तिनं झोन_१ ते झोन_६ करून टाकलं.

“अन् माणसं सापडतीन कशी?” बाबांनी एवढंच विचारलं आणि चहा ठेवायला गेले.

रविवारी पहाटे ते गेले.

पुढच्या रविवारी बाबांचं पुण्यानुमोदन, त्यांच्या स्मरणाचा विधी. स्वयंपाक तुळसाबाईच्या अंगणात, अकराला दोनशे माणसं जेवायला, आणि तिच्या गल्लीची पाण्याची पाळी संध्याकाळची. साडेनऊला पायल पंपघरात धावली. कोणता आकडा कोणाचा, हे तिनं कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. याच चुकीसाठी ती मुलांना रागवायची. तिनं झोन_४ उघडला, तर रूपसिंगच्या अंगणात वाळत घातलेली तूर पोहू लागली. झोन_२ उघडला, तर समाजमंदिरामागच्या धुतलेल्या सतरंज्या पुन्हा धुतल्या गेल्या. घाबरून झोन_५ बंद केला, तेव्हा टाक्याची धार तुटली आणि एक म्हैस येऊन पंपघराच्या दारात उभी राहिली.

म्हशीला बाजूला सारत तुळसाबाई आत आली. हातात झारा.

“काहून वो, तुया बापानं तं माह्यं नाव टाकलं होतं नं त्याच्यात? साऱ्या गावाले दाखवे.”

पायलनं शोधलं. एक जुनी फाइल निघाली: पायल_रागवेल_म्हणून_लपवलेली. आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

तिनं तीच चालू केली, मग वेळ लागला नाही. तुळसाबाईकडचे गंज, ती मोठाली पातेली, काठोकाठ भरले, तूर कोरड्यात गेली, म्हैस टाक्यावर. आणि बरोबर दहाला पंप आपोआप थांबला.

पडद्यावर ओळ होती: पायल = ३०. बाबांचं लाडाचं काहीतरी, म्हणून शनिवारी तिनं ती खोडली होती.

“रविवारी दहा वाजता तुया फोन ये,” तुळसाबाई पायरीवर टेकत म्हणाली. “पंपाच्या आवाजात त्याले आयकू येत नसे. म्हणून अर्धा तास बंद. त्या टायमाले गावात कोणी पाणी मांगे नाई. बोल आता. गंज भरले, घाई नाई.”

फोनवर पायल फक्त गोळ्यांचं विचारायची.

“सापडली माणसं, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “नावं तुमचीच बरोबर होती.”