हिंगाची डबी

मुरुडच्या मंजुश्रीचं बी.एड.चं शेवटचं वर्ष होतं आणि परीक्षा नऊ जूनला. पदरात तीन वर्षांची लेक होती. पेपर होईपर्यंत दुसरं लेकरू नको, म्हणून ती रोज न चुकता एक गोळी घेई. पाकीट हिंगाच्या डबीत असे, कारण सासूबाई कमलम्मांना हिंगाचा वास सोसत नसे आणि नातू मात्र तातडीने हवा होता.

श्रावणात तिच्या मानेला गाठ आली. क्षयाची निघाली. सरकारी दवाखान्यात, खोली क्रमांक सातमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोणती औषधं चालू आहेत?"

सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूने द्यायचं, ही रीतच. कमलम्मा म्हणाल्या, "काय बी न्हाई साहेब. आमची मंजू साधी सर्दीची गोळी बी घेत न्हाई."

डॉक्टरांनी 'निरंक' लिहिलं.

"डॉक्टर, ते एक..." मंजुश्री पुटपुटली. डॉक्टर सभ्य गृहस्थ. ते लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. "बायकांचे प्रश्न खोली क्रमांक अकरा."

अकरामध्ये सिस्टर कुजबुजल्या, "क्षयाचं सातमध्ये विचारा." दोन खोल्यांत वीस पावलांचं अंतर होतं, ते आजवर कोणत्याही कागदाने ओलांडलेलं नव्हतं.

उरल्या गावच्या आरोग्यसेविका, आशाताई पूनम. दोन्ही गोळ्या त्याच घरपोच आणत, दोन पिशव्यांतून.

"ताई, ह्या दोन्ही संगं चालत्यात का?"

"मंजू, माज्याकडं दोन रजिस्टरं हायत. दोन्हीत तुझं शंभर टक्के हाय. आनखी काय पायजे?"

दिवाळीला चकलीच्या वासाने मंजुश्रीला मळमळलं. कमलम्मांनी गल्लीभर पेढे वाटले. सोनोग्राफीत बाळंतपणाची तारीख निघाली: नऊ जून.

मंजुश्रीने रडून-चिडून अर्ज केला. चौकशी समिती बसली, चहा झाला, अहवाल आला: 'क्षयाच्या औषधातील रिफाम्पिसिनमुळे रुग्णेचे यकृत जोमाने कामाला लागते व सदर गोळीचा असर होण्याआधीच तिचा निपटारा करते. प्रस्तुत प्रकरणी यकृताने कर्तव्य चोख बजावले. अन्य कोणावरही तसा ठपका ठेवता येत नाही.'

उपाय म्हणून व्हरांड्यात फलक लागला: 'क्षयाचे औषध घेणाऱ्या महिलांनी इतर काही घेत असल्यास संबंधितांना योग्य शब्दांत कळवावे.'

मंजुश्रीने तो दोनदा वाचला. आधी तिला हसू फुटलं, मग डोकं तापलं. कमलम्मांच्या देखत तिने पिशवीतून हिंगाची डबी काढली, उघडली आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं त्या गोळीचं नाव घेतलं.

डॉक्टर कॅलेंडरात शिरले. रांगेतली एक बाई मात्र हळूच पुढे आली. "बाई, मला फिटची गोळी चालू हाय. माजी बी ती... तिच्यासंगं चालती का?" तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. कमलम्मा सोडून सगळ्या रांगेच्या पिशव्यांतून डब्या निघाल्या: हळदीच्या, सुपारीच्या, एक तर विभूतीची.

मंजुश्रीने नेमका कोणता शब्द उच्चारला, तो इथे छापलेला नाही. आमचे वाचक घरंदाज आहेत. आणि खरं सांगा, एवढी गोष्ट वाचताना तुम्हाला तरी तो कुठे लागला?