वाक्य क्रमांक एकतीस

युद्धाच्या काळात मी सैनिकी टपाल कचेरीत कामाला होते. आमच्या खिडकीवर फक्त वेढ्यात अडकलेल्या पलटणीचं टपाल घेतलं जाई. तिथे जायला रस्ता उरला नव्हता. पत्रांची पोती हवाई छत्रीला बांधून विमानातून खाली सोडायची. विमान लहान, पोती जड, आणि घरची माणसं लिहायला बसली की त्यांचा हात आवरत नसे.

साहेबांनी तोडगा काढला. सगळ्या पत्रांत तीच ती वाक्यं असतात, असं त्यांच्या पाहणीत आढळलं होतं. म्हणून नेहमीच्या वाक्यांची एक पुस्तिका छापून प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला. घरच्यांनी चिठ्ठीवर फक्त क्रमांक लिहायचा, सैनिकाने पुस्तिका उघडून वाक्य वाचायचं, आणि उत्तराचा क्रमांक बिनतारी यंत्रावरून कळवायचा. पुस्तिका पोचवायलाच एक विमान भरलं. त्या फेरीत पत्रं गेली नाहीत, लोकरी मोजेही राहिले. पण वजनाची बचत सुरू झाली.

माझा दादा त्याच वेढ्यात होता. वहिनीला मुलगी झाली, तेव्हा अंगात त्राण आल्याबरोबर ती बाळाला घेऊन सरळ माझ्या खिडकीवर आली.

"वन्सं, त्यांना कळवा, पोरगी झाली म्हणावं. नाक अगदी त्यांचंच आहे, तेही लिहा."

मी पुस्तिका चाळली. 'कोंबडीला पिल्लं झाली' होतं. मूल झाल्याचं कुठेच नव्हतं. मी साहेबांकडे गेले.

"ते मुद्दाम गाळलंय," साहेब म्हणाले. "मूल झालं की जवान रजा मागतो. वेढ्यातून रजा देता येत नाही. रजा नाकारली की मनोधैर्य खचतं. तेव्हा मूल न झालेलंच बरं."

"पण साहेब, झालंय. बाहेर रडतेय बघा."

"बाळ?"

"दोघीही."

साहेब तसे मायाळू. खिडकीपाशी येऊन, स्वतः चष्मा लावून त्यांनी त्यातल्या त्यात जवळचं वाक्य शोधून दिलं. क्रमांक एकतीस : 'घरी नवी सायकल घेतली आहे.'

"सायकल?" वहिनीने डोळे पुसले.

"नवीन आहे, घरात आलेली आहे आणि आनंदाची बाब आहे. हुशार माणसाला कळेल."

"ते हुशार नाहीत हो, साहेब. चांगले आहेत."

चिठ्ठी गेली. उत्तर आलं, क्रमांक चव्वेचाळीस : 'परवडत नसेल तर विकून टाका.'

वहिनीने हट्टाने दुसरी चिठ्ठी पाठवली : 'ती आम्हा सर्वांना फार आवडते.' त्यावर दादाचा क्रमांक आला : 'शेजाऱ्यांना वापरायला देऊ नका.'

"एवढं मात्र बापासारखं बोलले," वहिनी म्हणाली.

साहेबांनी वर अहवाल धाडला. वेढा पडल्यापासून रजेचा एकही अर्ज नाही. घरोघरी सर्व कुशल. कुणी मेलेलं नाही, कुणी जन्मलेलं नाही. साहेबांना बढती मिळाली.

पुढे वेढा उठला आणि दादा घरी आला. दारात वहिनी उभी, कडेवर पोर.

"ही कुणाची?" दादाने विचारलं.

"तुम्ही विकायला सांगितलेली."

दादा वाकून तिच्या तोंडाकडे बघू लागला. पोरीने त्याचं नाक धरलं, तेव्हा कुठे त्याला हुंदका फुटला.

सुट्टी संपवून तो पुन्हा छावणीत गेला. आता रस्ता मोकळा होता, वजनाची अट उठली होती. मी हौसेने वहिनीपुढे कोरा कागद ठेवला. "लिहा हवं तेवढं. दात आले, चालायला लागली, सगळं लिहा."

वहिनी बराच वेळ पेन धरून बसली. मागची रांगही आपापल्या कोऱ्या कागदांकडे बघत होती.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "ती पुस्तिका आहे का हो अजून? पटकन काही सुचत नाही."

लोकाग्रहास्तव साहेबांना दुसरी आवृत्ती काढावी लागली.

याला फार वर्षं झाली. परवा मी न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. मोबाइलवर तुम्हा घरच्या सगळ्यांना कळवलं, तर तुमच्यातल्याच कुणीतरी मला उंचावलेला अंगठा पाठवला. मी राग मानला नाही. एवढ्या कडक वेढ्यातून तेवढंच बाहेर पडू शकलं असेल.