क्रुम्बीगलसाहेबांचं मशीन आणि दुपारचे एक ते तीन

"यंदा पहिल्या झटक्यात सुरू झालं नाही, तर नावाचा एगोन क्रुम्बीगल नाही!"

एप्रिलातल्या शनिवारी सकाळी आठ वाजता, गवत कापायच्या मशीनवर हात ठेवून साहेबांनी ही प्रतिज्ञा केली. ऐकायला बायको लीझेलोट तेवढी होती. ती केकचं पीठ मळत होती, त्यामुळे तिनं नुसतं "हं" म्हटलं.

जर्मनीतल्या बोखुमच्या त्या बागवसाहतीत अठरा बागा. प्रत्येकाची वीतभर हिरवळ, एक लाकडी खोपटं आणि कमरेएवढं कुंपण. साहेब अकरा वर्षं वसाहतीचे अध्यक्ष. आज तीन वाजता पुन्हा निवडणूक होती. येता येता सभासदांनी साहेबांची ताजी कापलेली हिरवळ बघावी आणि मुकाट्यानं हात वर करावेत, असा बेत होता.

तसे हात वर करण्यावाचून त्यांना गत्यंतरही नव्हतं म्हणा! दुपारी एक ते तीन वसाहतीत शांतता पाळायची. त्या वेळात कुणी खुट्ट केलं की साहेब नियमभंगाची छापील चिठ्ठी घेऊन दारात हजर. आणि गेल्या वर्षी चौथ्या बागेतल्या टुल्पेबाई निवडणुकीला उभ्या राहणार असं कानावर आल्यावर साहेबांनी नियमच करून घेतला, की चिठ्ठी मिळालेल्या माणसाला अध्यक्ष होता येणार नाही. टुल्पेबाईंना तीन चिठ्ठ्या होत्या. तिसरी, दुपारी एक वाजून चार मिनिटांनी कटलेटचं मांस हातोडीनं बडवल्याबद्दल! साहेबांनी तो आवाज चार बागांपलीकडून टिपला होता. काय कान म्हणायचे!

साहेबांचं काम यादीबरहुकूम. खोपट्याच्या भिंतीवर बारा कलमं लावलेली. पहिलं कलम, स्पार्क प्लगची टोपी काढणे, म्हणजे पात्याला धार लावताना मशीन चुकून सुरू व्हायला नको. मग ऑइल बदललं, फिल्टर झटकला, हिवाळाभर पडून राहिलेलं पेट्रोल काढलं आणि नवं काठोकाठ भरलं. अकरा वाजता एकच कलम उरलं, बारावं: बंद करायच्या केबलला तेल देणे.

"ते काय, नंतर देता येईल," म्हणून साहेबांनी दोरी ओढली. मशीन ढिम्म! दहा झटके झाले, वीस झाले, चाळीस झाले. साहेबांचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

"एगोन, एक विचारू का?"

"नको!"

"बरं बाई, राहिलं."

एका हातानं हँडल दाबून धरायचं नि दुसऱ्या हातानं दोरी ओढायची, यातच जोर कमी पडतोय असा साहेबांनी निष्कर्ष काढला. हँडल सोडलं की मशीन बंद, अशी त्याची रचना. म्हणून त्यांनी हँडल तारेनं बांधून टाकलं, पकडीनं सात वेढे देऊन. मग दोन्ही हातांनी साठ झटके दिले. खांदा निखळायची वेळ आली.

"आता मी विचारणारच," लीझेलोट म्हणाली. "ही काळी टोपी इथं पेट्रोलच्या डब्यावर काय करतेय?"

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. 'टोपी काढणे' असं कलम होतं. 'टोपी परत घालणे' असं कलमच नव्हतं!

त्यांनी टोपी बसवली आणि रागानं दोरी हिसकली. तिकडे चर्चच्या घंटेनं एकाचा टोला दिला आणि इकडे मशीन गर्जून उठलं.

"बंद कर! एक वाजला!" लीझेलोट ओरडली.

साहेबांनी तार कापली. हँडल टुणकन वर आलं, पण गंजलेली केबल आत अडकलेली, मशीन आपलं धडधडतंच आहे! टोपी उपटायला गेले, तर कोपरापर्यंत असा झटका बसला की साहेब पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळले. मग मशीन खोपट्यात ढकलून वर घोंगडी टाकली. खोपटं नगाऱ्यासारखं घुमायला लागलं नि घोंगडीतून धूर निघायला लागला.

"खोपटं पेटवतोस का आता?" लीझेलोटनं घोंगडी ओढून काढली. "चालतंच आहे तर गवत तरी काप! पेट्रोल लवकर संपेल."

साहेबांची हिरवळ दहा मिनिटांत संपली. टाकी मात्र अजून भरलेलीच. तोवर कुंपणापाशी सगळी वसाहत जमली होती, कुणी खुर्ची घेऊन, कुणी बियर घेऊन.

"काय क्रुम्बीगलसाहेब, भोंगा वाजवून मतं मागताय होय?" टुल्पेबाईंनी विचारलं.

"अहो, बंद होत नाहीये!"

"काय? मोठ्यानं बोला! शांततेची वेळ आहे ना!"

"मला शिंकेबद्दल चिठ्ठी दिली होती यांनी!" म्हातारे ब्रोझे म्हणाले.

"एक शिंक नव्हती, तीन होत्या!" साहेब मशीनमागे धावता धावता ओरडले.

"इकडे आणा, माझंही गवत कापून द्या," टुल्पेबाईंनी फाटक उघडलं. त्यांचं झालं, मग ब्रोझ्यांचं, मग पुढच्यांचं. दोन तास साहेब शरमेनं खाली मान घालून सगळ्या वसाहतीतून फिरले. सतराव्या बागेत मशीन खोकलं, आचके दिले आणि थंड झालं. घंटेनं तीन टोले दिले.

सभेत कॉफी होती, लीझेलोटचा केक होता आणि टुल्पेबाईंच्या हातात साहेबांच्या नावानं भरलेली एक चिठ्ठी होती.

"खाली दोन सह्या लागतात," त्या म्हणाल्या. "एक गुन्हेगाराची, एक अध्यक्षांची. अध्यक्षांनी केली नाही तर चिठ्ठी बाद. नका करू, साहेब. माझं गवत इतकं सुरेख कधी कापलं गेलं नव्हतं."

"नका करू!" ब्रोझेही म्हणाले, नि बाकीच्यांनी माना हलवल्या.

अकरा वर्षं! एक सही केली नाही की झालं. साहेबांनी पेन खिशात घातलं, पुन्हा काढलं आणि दोन्हीकडे सह्या ठोकल्या.

"नियम म्हणजे नियम," ते कसंबसं म्हणाले.

मग अध्यक्ष कोण व्हायचं? चिठ्ठ्यांची वही उघडली. अठराही बागांत चिठ्ठी पोचलेली. बिनचिठ्ठीचं एकच माणूस निघालं, आणि ते केक कापत होतं. सगळे हात वर गेले. लीझेलोट अध्यक्ष!

टाळ्या थांबल्यावर टुल्पेबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण साहेब, हिचा क्रीम घुसळायचा मिक्सर तर दर शनिवारी दीड वाजता चालतो. माझ्या बागेपर्यंत येतो आवाज! मग हिला चिठ्ठी कशी नाही?"

सगळे साहेबांकडे बघू लागले. लीझेलोटही बघू लागली, हातात सुरी तशीच.

"मिक्सर?" साहेब बुटांकडे बघत म्हणाले. "मला नाही बुवा कधी ऐकू आला."