गच्चीवरून भाजलेला पापड

"दूध नासलंय का हो?" एवढंच मी दातारबाईंना विचारलं होतं. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. त्यांनी पातेल्यात डोकावूनही पाहिलं नाही. "करून बघा," म्हणाल्या. मी तापवलं, ते फाटलं. "बघा, कळलं की नाही?" बाईंचा चेहरा असा खुलला, जणू माझं दूध सत्कारणीच लागलं होतं.

बाईंचा सगळा जन्म विम्याच्या कचेरीत गेला. विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. पण निवृत्त झाल्यावर त्या दर रविवारी सकाळी पहिली ते चौथीतल्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना पार्किंगमध्ये जमवून प्रयोग करायला लागल्या. रिकाम्या बाटल्या आणि खोक्यांसाठी त्या कुणाच्याही कचऱ्यात बिनदिक्कत हात घालतात. नियम एकच, मोठ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. कुणी पुढे सरसावलं की "हात मागे!" अशी हाक येते. एरवी हिंजवडीत पंचवीस माणसांना कामाला लावणारे बाप पोराची साधी गाठ सुटताना बघून घामाघूम होतात.

मग एका रविवारी सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी सेक्रेटरी साठ्यांच्या नव्या गाडीवर उडाला. साठे शांतपणे म्हणाले, "पार्किंग गाड्यांसाठी असतं, दातारबाई. येता रविवार शेवटचा."

त्या दिवशी बाईंचा कुकर वाजला नाही. संध्याकाळी मात्र त्या साठ्यांच्या दारात उभ्या.

"इतर ठिकाणी पोरं अंडं फुटू नये असं बांधून उंचावरून टाकतात म्हणे. आपल्याकडे अंडं चालायचं नाही, म्हणून आम्ही गच्चीवरून भाजलेला पापड टाकणार. एक जरी अख्खा उतरला, तर आमचा रविवार राहील?"

साठे हसले. "चार मजल्यांवरून? खुशाल टाका."

सगळे पापड बाईंनीच भाजले. रविवारी अख्खी सोसायटी खाली जमली. कुणी थर्मोकोल आणलं, कुणी कापूस, कुणी आजीची उशी. पापडांचा एकामागून एक चुरा होत होता. एका बापाने तर स्वतःच सुबक खोका बनवून आणला होता. "आत काय काय घातलंस?" बाईंनी पोराला विचारलं. पोराला पत्ता नव्हता. तोही पापड फुटला.

शेवटी साठ्यांचीच नात उरली, ईरा. तिने डबाभर चुरमुऱ्यांत पापड पुरला होता आणि वर ओढणीची छत्री बांधली होती.

"अगं, ती दोरी जरा घट्ट..." साठे पुढे झाले.

"आजोबा, हात मागे," ईरा म्हणाली. साठ्यांनी बांधले. ईरा डबा घेऊन गच्चीवर गेली.

डबा डुलत खाली आला, आपटला, गडगडला. ईरा जिने उतरून येईपर्यंत बाईंनी कुणालाही त्याला शिवू दिलं नाही. तिने चुरमुरे उपसले आणि पापड दोन्ही हातांनी वर धरला. अख्खा! मी एवढ्या जोराने ओरडलो की माझीच मला लाज वाटली. साठ्यांनी तो पापड उलटसुलट करून तपासला. "अख्खा आहे," ते म्हणाले. "चालू ठेवा. ज्वालामुखी तेवढा लांब करा."

मग पापडांचा चुरा, चुरमुरे, कांदा कालवून सगळ्यांनी पार्किंगमध्येच हाणलं. पोरं बाईंच्या ताटलीतूनही घास उचलत होती. मी आवराआवर करायला गेलो, तर बाई पापडाचं रिकामं पाकीट हातात धरून उभ्या होत्या.

"माझ्या एकटीला पाकीट संपत नाही हो," त्या म्हणाल्या. "शेवटचे पापड दर वेळी वास येऊन टाकून द्यावे लागतात."

मी ताटल्या एकात एक रचायला लागलो.

"आज पुरले नाहीत," बाई म्हणाल्या आणि हसल्या.