विसुभाऊंनी पकडलेला रणगाडा

विसुभाऊंनी आफ्रिकेतला रणगाडा ब्रह्मदेशात पकडला, तेव्हा मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलो होतो. पडद्यावर धुरळा उडवत रणगाडा आला, भोंग्यातून आवाज आला, "ब्रह्मदेशाच्या घनदाट अरण्यात शत्रूचा पाठलाग करणारी आपली शूर सेना," आणि विसुभाऊ उठून उभे राहिले. यंत्राचा झोत त्यांच्या टोपीवर पडला आणि अर्ध्या ब्रह्मदेशावर टोपीची सावली पसरली.

"साफ खोटं," ते म्हणाले. "हा रणगाडा मागच्या खेपेला आफ्रिकेत होता. पुढचा पत्रा अगदी तसाच चेपलाय. आणि अरण्य घनदाट असेल तर एवढा धुरळा कुठून आला?"

मागून लोकांनी त्यांना खाली बसवलं. लढाई पाहायला आलेल्या माणसांना धुरळ्याचं काही पडलेलं नव्हतं.

विसुभाऊ आमच्या कर्जतच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. ग्रंथपाल हा शब्द ते एकटेच वापरत. गाव त्यांना पेपरवाले विसुभाऊ म्हणे. वाचनालय स्टेशनच्या रस्त्यावर, भाताच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी सुरू झाली की कपाटं थरथरत आणि थोर ग्रंथांवर कोंडा बसे. लढाई सुरू झाल्यापासून मुंबईहून येणारं एकही सचित्र साप्ताहिक त्यांनी रद्दीत जाऊ दिलं नव्हतं. सगळे अंक सुतळीने शिवून ठेवलेले. कुठल्या आघाडीचं, कुठल्या तोफेचं चित्र कुठल्या गठ्ठ्यात आहे, याच्या चिठ्ठ्या खणात. कागदाची टंचाई, म्हणून त्या चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या असत. इटलीतल्या एखाद्या पुलाची चौकशी करायला गेलं, की पलटून नेरळचं कुणाचं तरी शुभमंगल वाचावं लागे.

पण चौकशी करायला येणार कोण? "मास्तर, या खुर्चीत बसून मी रोमपासून रंगूनपर्यंत काय वाट्टेल ते सांगू शकतो," ते मला म्हणत. मी त्यांचा शेजारी आणि शाळेत इतिहास शिकवणारा, तेव्हा हे ऐकायचं काम माझ्याकडे आलं होतं. "आणि लोक माडी चढून येतात ते काय विचारतात? पुण्याची गाडी गेली का." कुणीतरी एकदा यावं, समोर बसावं आणि या लढाईतलं खरं काय, खोटं काय ते आपल्याला विचारावं, एवढीच त्या माणसाची भूक होती.

अशा माणसाच्या गावात सरकारने शिरगावकर पाठवला.

शिरगावकर प्रचाराच्या मोटारीबरोबर येई. मोटारीत फिल्मचं यंत्र, बांबू, पांढरा पडदा आणि भोंगा. फिल्म मूळची इंग्रजी बोलणारी. तिचं तोंड बंद करून हा गृहस्थ मराठीत सांगे, आणि मनाला येईल ते सांगे. गळ्यात रेशमी रुमाल, आवाज असा की साखरेचं रेशन कमी झाल्याची बातमीसुद्धा त्याने सांगितली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. गाव त्याच्यावर लट्टू. आमची हीसुद्धा एकदा जेवण वाढताना म्हणाली, "काय आवाज आहे हो. तुम्ही वर्गात असं का नाही बोलत?" त्या दिवसापासून मी पूर्णपणे विसुभाऊंच्या बाजूला गेलो. कारण विचारल्यास मी इतिहासावरचं प्रेम असं सांगत असे.

विसुभाऊंचा मत्सर मात्र माझ्यासारखा घरगुती नव्हता. शिरगावकर ज्या दुकानात पान खाई, तिथलं पान त्यांनी सोडलं. रस्त्यात तो समोरून आला तर हे धोतराचा सोगा सावरत गटारापलीकडून जात. आणि आमची भिंत सामाईक असल्यामुळे मला हेही माहीत आहे, की एका दुपारी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि खर्जात म्हटलं, "ब्रह्मदेशाच्या घनदाट अरण्यात." मग ठसका लागला. मग पाण्याच्या तांब्याचा आवाज आला. पुन्हा त्यांनी तो प्रयोग केला नाही.

जवळच्या कडाव गावी खेळ होता तेव्हा आम्ही दोघे बैलगाडीने गेलो. पडद्यावर शिपाई नदी उतरून येत होते आणि भोंगा पुन्हा ब्रह्मदेशाचं नाव घेत होता. इतक्यात शिपायांच्या मागून पांढऱ्या बैलांची एक उमदी जोडी शांतपणे निघून गेली. विसुभाऊ ताडकन उठले. "ब्रह्मदेशात खिल्लारी बैल?"

या वेळी मात्र लोक त्यांच्या बाजूचे होते. भातशेतीवाली माणसं ती. शिपायांआधी त्यांनी बैलच पाहिले होते. एक म्हातारा म्हणाला, "बरोबर बोलतात ते. बैल आपल्याकडलंच हायेत, सायेब."

भोंगा एकदा खाकरला. मग तो धीरगंभीर आवाजात म्हणाला, "होय. या लढाईत आपले बैलसुद्धा मागे राहिलेले नाहीत."

त्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो विसुभाऊंच्या जिव्हारी लागला. परतीच्या वाटेवर गाडीत ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही टाळी वाजवलीत." मी वाजवली होती. हात आपोआप उचलले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात होतो. पेट्रोलची परवानगी आली नव्हती म्हणून शिरगावकरही कर्जतलाच अडकला होता आणि खिडकीपाशी पेपर वाचत बसला होता. विसुभाऊ त्याच्याकडे पाठ करून कोंडा झटकत होते. तेवढ्यात कडावची एक बाई माडी चढून आली. डोक्यावर पुरचुंडी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. नाव ठकूबाई.

"बैल वळखनारे ते तुमीच ना?" तिने विसुभाऊंना विचारलं. "पडद्यावरचं खरं-खोटं तुमालाच समजतं म्हनं."

विसुभाऊंनी फडकं खाली ठेवलं, कोट नीट केला आणि तिच्यासाठी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. ती जमिनीवरच बसली. मीही तिथेच होतो, मास्तर होतो, पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि हे मला खुपलं.

"माजा बबन लढाईवर हाय," ती म्हणाली. "भात झोडल्यापासनं त्याची काय खबर नाय. काल त्यो मला दिसला. खोक्यावर बसून एकलाच जेवत व्हता. दाढी वाढलीय, वाळलाय. पन डाव्या हातानं जेवत व्हता. लहानपनी त्यापायी किती मारला त्याला, तरी डावराच राह्यला. आता तुमी सांगा, त्योच हाय ना? जित्ता हाय ना माजं पोर?"

आदल्या दिवशी पुढची जागा पुरुषांनी भरली म्हणून बायका पडद्याच्या मागच्या बाजूला बसल्या होत्या. पातळ कापडातून चित्र मागेही दिसतं. फक्त आरशातल्यासारखं, उजव्याचं डावं होऊन. आम्ही पुढे होतो. खोक्यावरचा तो शिपाई उजव्या हाताने जेवत होता. शिवाय तो नवा नव्हता. चेपलेल्या पत्र्याच्या रणगाड्याबरोबर तो मागेही एकदा येऊन जेवून गेला होता, आणि हे विसुभाऊंइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

त्यांचा हात खणाकडे गेला. आफ्रिकेच्या चित्रांची एक चिठ्ठी अर्धी बाहेर आली. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं, उत्तर तयार होतं, आणि ऐकायला शिरगावकर समोर होता. मला ते उत्तर ऐकायचं होतं आणि नकोही होतं.

विसुभाऊंनी चिठ्ठी आत ढकलली.

"बाई, मी पुस्तकांतला माणूस," ते म्हणाले. "फिल्ममधलं मला काय कळणार? या साहेबांना विचारा. फिल्म त्यांनीच आणलीय."

शिरगावकरने पेपर खाली केला. "प्रत्यक्ष आघाडीवरून आलेली ताजी फिल्म आहे, आजी," तो त्याच्या त्या आवाजात म्हणाला. "मुलगा तुमचा खुशाल आहे."

ठकूबाईने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुरचुंडी त्याच्या हातात दिली. घरी कांडलेले पोहे होते. जाताना ती विसुभाऊंपाशी थांबली. "वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "समद्यांनाच समदं कुठं म्हाईत असतं?"

"खरं आहे," विसुभाऊ म्हणाले.

शिरगावकर पोहे घेऊन, मिशीत हसत खाली उतरला. तो रस्त्यावर दिसेनासा होईपर्यंत विसुभाऊ त्या पुरचुंडीकडे बघत राहिले.

त्यानंतर ते दुपारी जेवायला घरी येईनासे झाले, म्हणून त्यांच्या वहिनींनी मला बघायला पाठवलं. विसुभाऊंचं लग्न झालेलं नव्हतं. भाऊ-भावजय हेच घर. मी माडी चढलो. सगळे गठ्ठे सोडून जमिनीवर पसरले होते आणि विसुभाऊ भिंग घेऊन ओणवे झाले होते. जेवणाऱ्या, गोळी झाडणाऱ्या, घरी पत्र लिहिणाऱ्या शिपायांच्या चित्रांवरून भिंग हळूहळू सरकत होतं.

"काय शोधताय?"

"डावखुरा," ते मान वर न करता म्हणाले. "कुठल्यातरी चित्रात असेलच की. खरा सापडला की कडावला नेऊन दाखवीन. तोवर तो खोटा राहू दे तिच्याजवळ."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि एक अंक उघडला. जरा वेळाने ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, शिरगावकरला मात्र यातलं काही बोलू नका," ते म्हणाले. "आपणच शोधला म्हणून सांगेल."